जगात सर्वाधिक खपाची वृत्तपत्रे: आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

जगात सर्वात जास्त खपणारे वर्तमानपत्र कोणते? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत असते: जपानचे 'योमिउरी शिम्बून'. मुले ते पाठ करतात, परीक्षा होते, विषय संपतो. पण एखादा पेपर लाखो घरांत का जातो, तो खप कोण मोजतो, जास्त खप म्हणजे जास्त भरवसा असतो का, हे प्रश्न त्या एका ओळीत बसत नाहीत. आपल्या घरांत आजही सकाळी मराठी पेपर येतो, काही घरांत त्याच्या जोडीला उर्दू पेपरही येतो. त्यामुळे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. या लेखात आम्ही जगातल्या मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांची माहिती एकत्र देत आहोत आणि शेवटी वाचक म्हणून आपल्या हातात काय आहे तेही सांगत आहोत.

खप म्हणजे नेमके काय?

खप आणि वाचकसंख्या या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. रोज सरासरी किती अंक विकले जातात तो खप. एक अंक घरातले चार जण, शेजारचे काका आणि चहाच्या टपरीवरची दहा माणसे वाचतात, ती वाचकसंख्या. म्हणून एखादा पेपर 'आमचे वाचक दोन कोटी' असे छापतो तेव्हा त्याचे दोन कोटी अंक निघतात असे नसते.

भारतात खप तपासण्याचे काम 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था १९४८ पासून करते. तिला आपण एबीसी म्हणतो. जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि प्रकाशक यांनी मिळून ती उभी केली. ती दर सहा महिन्यांची सरासरी काढते. पण एबीसीचे सदस्य होणे सक्तीचे नाही. वाचकसंख्येसाठी 'इंडियन रीडरशिप सर्वे' घरोघरी जाऊन केला जायचा, तो २०१९ नंतर अनेक वर्षे निघालाच नाही. सरकारकडे होणारी नोंदणी वेगळी. आपल्या देशात नोंदणी झालेल्या नियतकालिकांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, पण त्यातली सगळी रोज किंवा नियमित निघतात असे नाही.

खपाच्या आकड्यात पैसा अडकलेला असतो, हे लक्षात ठेवायला हवे. खासगी जाहिरातीचा दर खपावर ठरतो. सरकारी जाहिरातीचा दरही खपाशी जोडलेला असतो. त्यामुळे आकडा फुगवून सांगण्याचा मोह प्रत्येक देशात होतो. पुढचे आकडे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

जपान: एका पेपरचे एक कोटी अंक

'योमिउरी शिम्बून' २ नोव्हेंबर १८७४ रोजी टोकियोत सुरू झाले. 'योमिउरी' शब्दाचा अर्थ वाचत वाचत विकणे. जुन्या काळी जपानमध्ये लाकडी ठशांवर छापलेली बातमीपत्रे रस्त्यात मोठ्याने वाचून विकली जायची, त्यावरून हे नाव आले. १९२४ मध्ये मात्सुतारो शोरिकी यांनी हा पेपर घेतला. त्यांनी बेसबॉलचा संघ उभा केला आणि पुढे दूरचित्रवाणी वाहिनीही काढली. खेळ, करमणूक आणि बातमी यांची सांगड घालून पेपर वाढवण्याचा हा धडा नंतर जगभर गिरवला गेला.

१९९४ मध्ये योमिउरीच्या सकाळच्या आवृत्तीचा खप एक कोटीच्या पुढे गेला. गिनीज बुकात जगातले सर्वाधिक खपाचे दैनिक म्हणून त्याची नोंद आहे. दुसरे मोठे दैनिक 'आसाही शिम्बून' १८७९ मध्ये ओसाकात सुरू झाले आणि एके काळी त्याचा खप ऐंशी लाखांच्या घरात होता. 'माइनिची'ची सुरुवात १८७२ ची. 'निक्केई' हे अर्थविषयक दैनिक. याच निक्केईने २०१५ मध्ये लंडनचे 'फायनान्शियल टाइम्स' विकत घेतले.

महाराष्ट्रापेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या या देशात एवढा खप कसा? पहिले कारण साक्षरता. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे घरपोच पेपर. जपानमध्ये बहुतांश अंक घरीच टाकले जातात, स्टॉलवर फार थोडे विकले जातात. प्रत्येक भागात एकेका पेपरशी बांधलेली वाटप दुकाने असतात. पेपर टाकणे, पैसे गोळा करणे, नवी गिऱ्हाइके जोडणे हे सगळे काम ती दुकाने करतात. तिथे एक शिष्यवृत्तीही चालते. गावाकडून शहरात शिकायला आलेला विद्यार्थी पहाटे पेपर टाकतो आणि त्या बदल्यात त्याच्या फीचा भार पेपर उचलतो, राहण्याचीही सोय होते. आपल्याकडे पहाटे सायकलवर पेपर टाकून शिकलेली पोरे प्रत्येक गावात सापडतील. जपानने त्याची रीतसर योजनाच केली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. दुकानदाराला गरजेपेक्षा जास्त अंक गळ्यात मारले जातात, अशा तक्रारी तिथे वर्षानुवर्षे आहेत. जपानी भाषेत त्यासाठी वेगळा शब्दच आहे, ज्याचा अर्थ 'ढकललेला कागद'. म्हणजे छापलेला प्रत्येक अंक वाचला जातोच असे जपानमध्येही नाही.

आता तिथेही उतार लागला आहे. १९९७ मध्ये जपानमधल्या सगळ्या दैनिकांचा मिळून खप पाच कोटी सदतीस लाखांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो दोन कोटी शहाऐंशी लाखांच्या जवळ आला. योमिउरी स्वतः एक कोटीवरून साठ लाखांच्या आसपास उतरले. तरीही पहिला नंबर कायम राहिला.

सोव्हिएत रशिया: सर्वात मोठा आकडा

विक्रमाचा विचार केला तर योमिउरीपेक्षाही मोठे आकडे सोव्हिएत संघातले आहेत. १९९० मध्ये 'कोम्सोमोल्स्काया प्रावदा' आणि कामगार संघटनांचे 'त्रुद' या दोन्ही दैनिकांचा खप दोन कोटींच्या वर होता. १९७८ मध्ये सुरू झालेले 'आर्गुमेंती इ फाक्ती' हे साप्ताहिक तर १९९० मध्ये तीन कोटी तीस लाखांच्या पुढे गेले. साप्ताहिकांत हा जागतिक विक्रम ठरला.

एवढे अंक का खपले? एक तर पेपर स्वस्त होते. दुसरे म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या काळात खुलेपणा आला आणि जे इतकी वर्षे दडवले गेले ते वाचायला लोक अधीर झाले. १९८९ मध्ये आर्गुमेंतीने वाचकांच्या पत्रांच्या आधारे कोणते लोकप्रतिनिधी किती लोकप्रिय आहेत ते छापले. त्यात आंद्रेई साखारोव्ह यांच्यासारखे टीकाकार वरच्या जागी होते. गोर्बाचेव्ह नाराज झाले आणि संपादक व्लादिस्लाव स्तार्कोव्ह यांनी पद सोडावे असा दबाव आला. ते हटले नाहीत.

पण १९९२ पासून किमती मोकळ्या झाल्या. कागद महागला, टपाल महागले, लोकांच्या खिशात पैसे उरले नाहीत. कोट्यवधींचे खप काही वर्षांतच कोसळले. स्वस्त कागद आणि वाटपाची यंत्रणा गेली की खपही जातो, हे तिथे दिसले.

चीन: खप आहे, निवड नाही

चीनमधली दोन नावे नेहमी वरच्या यादीत असतात. एक 'रेनमिन रिबाओ' म्हणजे पीपल्स डेली, १९४८ पासूनचे कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र. दुसरे 'त्सानकाओ श्याओशी', म्हणजे संदर्भ वार्ता, जे शिन्हुआ ही सरकारी वृत्तसंस्था काढते. दोन्हींचा खप तीस लाखांच्या आसपास सांगितला जातो.

संदर्भ वार्ताची गोष्ट मजेशीर आहे. परदेशी वृत्तपत्रांत काय छापून येते त्याचे चिनी भाषांतर त्यात असते. अनेक वर्षे हा पेपर फक्त पक्षाच्या आणि सरकारच्या लोकांसाठी होता, सामान्य माणसाला तो मिळत नसे. पुढे तो सर्वांसाठी खुला झाला आणि लोकांनी उचलून धरला. पीपल्स डेलीचे तसे नाही. सरकारी कचेऱ्या, शाळा आणि संस्था त्याची वर्गणी भरतात, म्हणून त्याचा खप टिकून आहे. वाचकाने स्वतःच्या पैशाने घेतलेला पेपर आणि कचेरीने भरलेली वर्गणी यांतला फरक यादीतल्या आकड्यावरून कळत नाही.

ब्रिटन आणि जर्मनी: मोठा खप, मोठी चूक

१८४३ मध्ये सुरू झालेले 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे लंडनचे रविवारचे पत्र १९५० च्या सुमारास चौऱ्याऐंशी लाखांवर पोहोचले होते. गुन्हे, कोर्टकचेऱ्या आणि भानगडी हा त्याचा मसाला. पुढे त्याच्या लोकांनी इतरांच्या मोबाइलवरचे निरोप चोरून ऐकल्याचे उघड झाले. त्यात एका खून झालेल्या शाळकरी मुलीचा फोनही होता. देशभर संताप उसळला, जाहिरातदार पळाले आणि १० जुलै २०११ रोजी शेवटचा अंक काढून पेपर बंद झाला. तेव्हाही त्याचा खप लाखांत होता.

'द सन'ची कहाणी आणखी बोलकी आहे. १९६९ मध्ये रुपर्ट मर्डोक यांनी तो घेतला, लहान आकारात आणला आणि १९७८ पर्यंत तो 'डेली मिरर'च्या पुढे गेला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. त्यात एकूण ९७ जणांचे प्राण गेले. चार दिवसांनी सनने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवरच घाणेरडे आरोप छापले. मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर हल्ले केले, असे ते आरोप होते. ते खोटे होते. लिव्हरपूलच्या लोकांनी सन घेणे बंद केले, दुकानदारांनी तो ठेवणे बंद केले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला तेव्हा पेपरने पहिल्या पानावर माफी मागितली. २०१६ मध्ये ज्युरीने प्रेक्षकांचा दोष नव्हता असे स्पष्ट सांगितले. मेलेल्यांच्या घरच्यांना हे ऐकण्यासाठी सत्तावीस वर्षे लागली. लिव्हरपूलमधला बहिष्कार तरीही संपला नाही.

एका संपूर्ण शहराच्या माथी खोटा डाग लागतो आणि तो देशातला सर्वात खपाचा पेपर लावतो, तेव्हा काय होते ते हिल्सबरोने दाखवले. एखाद्या वस्तीवर, एखाद्या समाजावर सरसकट आरोप करणारा मथळा वाचताना हे उदाहरण आठवावे, असे आम्हाला वाटते. लिव्हरपूलच्या लोकांनी दगड उचलला नाही. कुटुंबांनी कागद जमवले, साक्षी गोळा केल्या, चौकशीची मागणी सोडली नाही आणि पेपर विकत घेतला नाही.

२०२० मध्ये सनने आपला खप जाहीर करणेच थांबवले आणि 'डेली मेल' पुढे गेला. रेल्वे आणि बसमध्ये फुकट मिळणाऱ्या 'मेट्रो'चे अंकही तिथे लाखांत निघतात, पण त्याला विक्री म्हणता येत नाही.

जर्मनीत 'बिल्ड' २४ जून १९५२ रोजी आक्सेल श्प्रिंगर यांनी सुरू केले. मोठे फोटो, मोठे मथळे, थोडा मजकूर. १९८० च्या दशकात त्याचा खप पन्नास लाखांवर होता, आता तो दहा लाखांच्या आसपास आला आहे. १९७७ मध्ये ग्युंटर वाल्राफ हे पत्रकार नाव बदलून बिल्डच्या हॅनोव्हर कचेरीत कामाला राहिले आणि तिथे बातम्या कशा रचल्या जातात त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्या पुस्तकावरून बरीच वर्षे कोर्टात भांडणे चालली.

अमेरिका: कागद कमी, वाचक जास्त

अमेरिकेत 'वॉल स्ट्रीट जर्नल' १८८९ चे, 'न्यूयॉर्क टाइम्स' १८५१ चे आणि 'यूएसए टुडे' १९८२ चे. छापील अंकांचा विचार केला तर आपल्या मोठ्या हिंदी दैनिकांपुढे ही नावे लहान दिसतात. पण न्यूयॉर्क टाइम्सचे २०२४ अखेर एक कोटी चौदा लाखांच्या आसपास वर्गणीदार होते आणि त्यांतले छापील अंक घेणारे जेमतेम सहा लाख. बाकीचे मोबाइल आणि संगणकावर वाचतात. कित्येक जण शब्दकोडी आणि पाककृतींसाठीच पैसे भरतात. म्हणजे आता यादी करायची तर कागद मोजायचा की पैसे भरणारा वाचक मोजायचा, हे आधी ठरवावे लागते.

भारत: भाषेच्या जोरावर

जगभर छापील पेपर घसरत असताना भारतात तो बराच काळ वाढत राहिला. २०१९ च्या एबीसी आकड्यांत 'दैनिक भास्कर' चाळीस लाखांच्या वर होता, 'दैनिक जागरण' तीस लाखांच्या वर. इंग्रजीत 'टाइम्स ऑफ इंडिया' २८ लाखांच्या आसपास आणि केरळचे 'मल्याळा मनोरमा' वीस लाखांच्या वर. केरळसारख्या छोट्या राज्यात वीस लाख ही मोठीच गोष्ट आहे.

यांतल्या प्रत्येकाचा इतिहास वेगळा. टाइम्सची सुरुवात ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत झाली. मनोरमाचा पहिला अंक १८९० चा. १९३८ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी हा पेपर बंद पाडला, तो १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला. जागरण १९४२ मध्ये झाशीत सुरू झाला, भास्कर १९५८ मध्ये भोपाळमध्ये. १९९६ मध्ये भास्कर जयपूरला गेला तेव्हा त्याने आधी सुमारे दोन लाख घरांत माणसे पाठवून पेपरात काय हवे ते विचारले. पहिल्याच दिवशी पावणेदोन लाखांच्या जवळपास अंक विकले गेले.

आंध्रात १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'ईनाडू'ने १९८९ पासून प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळी पाने काढली. गावातली विहीर, शाळा, पाण्याची टाकी यांच्या बातम्या आल्या आणि गावाने पेपर आपला मानला. १९९० च्या सुमारास नेल्लोरच्या बायकांनी दारूविरुद्ध आंदोलन उभे केले, ते ईनाडूने घराघरात पोहोचवले. महाराष्ट्रात १९७१ मध्ये नागपुरात दैनिक झालेल्या 'लोकमत'ने आणि १९३२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'सकाळ'नेही जिल्हा आवृत्त्यांच्या जोरावरच पाय पसरले.

आपल्याकडे खप टिकायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे किंमत. कागद आणि छपाईचा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नाही, तो जाहिरातीतून निघतो. १९९४ मध्ये टाइम्सने दिल्लीत दीड रुपयात पेपर दिला आणि सगळ्यांनाच किमती खाली ठेवाव्या लागल्या. वाचकाला पेपर स्वस्त पडतो, पण पेपरचा खरा गिऱ्हाईक जाहिरातदार होतो. हा सौदा आपल्या ध्यानात असला पाहिजे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात काही काळ घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी आली. पेपरची सवय एकदा तुटली ती अनेक घरांत परत आलीच नाही.

उर्दू पत्रे: खप लहान, काम मोठे

उर्दूतले पहिले वृत्तपत्र 'जाम-ए-जहाँनुमा' १८२२ मध्ये कलकत्त्यात निघाले. त्याच वर्षी मुंबईत गुजराती 'मुंबई समाचार' सुरू झाले, जे आजही चालू आहे. मराठीतले 'दर्पण' १८३२ चे. 'दिल्ली उर्दू अखबार' चालवणारे मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ मध्ये इंग्रजांनी ठार केले. त्यांच्या पत्राचा खप आजच्या हिशेबात नगण्य होता.

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात 'अल-हिलाल' हे साप्ताहिक काढले. दोन वर्षांत ते सव्वीस हजारांवर गेले. त्या काळच्या उर्दू पत्रासाठी हा मोठाच आकडा. सरकारने जामिनाची रक्कम मागून १९१४ मध्ये ते बंद पाडले. खप हजारांत असूनही सत्तेला त्याची भीती वाटली.

मुंबईचे 'इन्किलाब' १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारी यांनी सुरू केले. २०१० मध्ये मिड-डे समूहासोबत ते जागरण समूहाकडे गेले. म्हणजे देशातले एक मोठे उर्दू दैनिक आणि एक मोठे हिंदी दैनिक आज एकाच मालकीत आहेत. पेपर घेताना मालक कोण हे ठाऊक असणे म्हणूनच उपयोगाचे.

वाचक म्हणून आपल्या हातात काय आहे?

खप किती लोकांपर्यंत बातमी पोहोचते ते सांगतो. बातमी खरी आहे की नाही ते सांगत नाही. आसाही शिम्बूनने २०१४ मध्ये आपले जुने चुकीचे लेख जाहीरपणे मागे घेतले, अध्यक्षांनी माफी मागितली आणि पुढे पद सोडले. लाखो अंक खपणारा पेपरही चुकतो. तो चूक कबूल करतो का, आणि किती लवकर, यावर त्याची किंमत करावी.

आपल्याकडे छापील बातमीत आपल्याबद्दल किंवा आपल्या वस्तीबद्दल चुकीचे छापून आले तर रागावून गप्प बसण्यापेक्षा हे करता येते:

पहिले, तो अंक किंवा कात्रण तारखेसह जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो रद्दीत गेलेला असतो.

दुसरे, संपादकाला लेखी पत्र द्या. कोणती ओळ चुकीची, खरे काय आणि पुरावा काय, एवढेच लिहा. पत्राची प्रत आणि पोच ठेवा.

तिसरे, उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर 'प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया'कडे तक्रार करा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांच्या आत ती करावी लागते. सोबत कात्रण, मराठी किंवा उर्दू मजकुराचे भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रकरण कोर्टात नाही असे निवेदन जोडावे. तक्रारीला फी नाही.

कौन्सिल दंड किंवा शिक्षा करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तरी लेखी ताशेरा कागदावर राहतो आणि पुढे उपयोगी पडतो.

घरात मुले असतील तर एक सवय लावण्यासारखी आहे. एकच बातमी दोन पेपरांत वाचायला सांगा, जमल्यास एक मराठी आणि एक उर्दू किंवा इंग्रजी. मथळ्यात काय आहे, आत कोणाचे म्हणणे दिले आहे आणि कोणाचे दिलेलेच नाही, हे त्यांनाच शोधू द्या. योमिउरीचा खप पाठ करण्यापेक्षा ही सवय त्यांना जास्त दिवस पुरेल.